झाकलेलं तोंड, उघडे पाय

परवा कर्जतच्या बाजारात दुकानदाराने मांजरपाटाचं ठाण उलगडलं आणि खळीचा तो कोरा वास नाकात शिरला. पिशव्यांसाठी कापड हवं होतं. न घेताच बाहेर पडले.

त्या वासासरशी मला चित्रकार रेने मागरितचं १९२८चं ‘द लव्हर्स’ हे चित्र आठवतं. दोघांच्याही डोक्यांवरून पांढरं कापड लपेटलेलं आणि त्या कापडातूनच ते एकमेकांचं चुंबन घेताहेत.

आणि आठवते आजी. भर पावसात गेली. लोकल रखडलेल्या, धाकटी आत्या पोचली तेव्हा ओटीवर असल्याच कोऱ्या मांजरपाटाने आजीचं तोंड झाकून झालं होतं. ‘तोंड बघू द्या’ असं ती म्हणेल म्हणून सगळे थांबले. ती सरळ पायांशी बसली. सुतळीने बांधलेले अंगठे, टाचांच्या भेगांत मुरलेली खाचराची माती, बोटांच्या बेचक्यांत लावणीतल्या चिखल्या. आत्याने त्या टाचा दोन्ही तळव्यांत धरल्या आणि “आई” म्हणाली.

मागरितच्या आईने १९१२ साली सांब्र नदीत जीव दिला. तो तेव्हा १३ वर्षांचा. प्रेत सापडलं तेव्हा तिचा झगा तोंडाभोवती गुंडाळलेला होता, असं सांगतात. त्याने रंगवलेली झाकली तोंडं समीक्षक या एका नदीशी नेऊन सोडतात. त्याला ते आवडत नसे. मला तर रागच येतो. कारण याच माणसाने १९३५ मध्ये ‘द रेड मॉडेल’ रंगवलं: फळ्यांच्या भिंतीपुढे बुटांची जोडी, वर चामडं नि लेस, खाली जिवंत पायाची बोटं, नखांसकट. तोंड नसलं तरी माणूस शिल्लक राहतो, हे इतक्या मायेने रंगवणारा दुसरा कुणी मला माहीत नाही.

१९ जुलै २०२३च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापुरात, इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ जणांना बेपत्ता ठरवून शोध थांबला. त्यांच्या माणसांना धरायला टाचाही मिळाल्या नाहीत.

‘द लव्हर्स’ बघून जीव गुदमरतो, असं पुष्कळांचं म्हणणं. पूर्वी माझाही गुदमरायचा. आता वाटतं, कापडाखाली आपलं माणूस आहे ही त्या दोघांना खात्री आहे. इर्शाळवाडीतल्या कितीतरी घरांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.