लाल किल्ल्यांतील गोऱ्यांच्या बराकी

दिल्लीस जाणारा प्रवासी लाल किल्ल्यांत जातो तो मोगल बादशहांचें वैभव पाहण्यासाठीं. लाहोरी दरवाजांतून आंत शिरावें, छत्ता चौकाची छपराखालची बाजारपेठ ओलांडावी, नौबतखान्याखालून पुढें होऊन दिवाण-इ-आम गांठावा, असा बहुतेकांचा क्रम असतो. गेल्या हिवाळ्यांत आम्हीही त्याच क्रमानें चाललों होतों. बरोबर चिरंजीव, सूनबाई व अकरा वर्षांचा नातू होता. नौबतखान्यापाशीं नातवानें डावीकडे बोट दाखवून विचारलें, "आजोबा, राजवाड्यांत ह्या चाळी कोणीं बांधल्या?"

प्रश्न मार्मिक होता. तीन मजली, लांबलचक, एकासारखी दुसरी कमान आणि दुसरीसारखी तिसरी. गिरगांवांतील चाळींचीच आठवण व्हावी.

"इंग्रजांनीं. त्यांचे शिपाई तेथें राहत," मीं म्हटलें.

"मग त्या पाडून कां टाकीत नाहींत?"

ह्या प्रश्नाचें उत्तर मला तेथल्या तेथें देतां आलें नाहीं.

शहाजहान बादशहानें १६३९ ते १६४८ ह्या काळांत हा किल्ला बांधिला. १८५७ च्या उठावानंतर तो इंग्रजांच्या हातीं गेला. वृद्ध बहादुरशहावर त्याच्याच दिवाण-इ-खासमध्यें १८५८ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत खटला चालला, व त्यास रंगूनला हद्दपार करण्यांत आलें. तेथेंच १८६२ मध्यें त्याचा अंत झाला. मागें राहिलेला राजवाडा म्हणजे विजेत्यांस सैन्याची छावणी करण्यास सोयीची जागा वाटली. जनानखान्याचीं दालनें, चौक, बागा ह्यांचा फार मोठा भाग पाडून टाकण्यांत आला. मुमताज महालांत प्रथम तुरुंग झाला, मग सार्जंटांची खानावळ. जेम्स फर्ग्युसन ह्या त्यांच्याच वास्तुपंडितानें १८७६ सालच्या आपल्या ग्रंथांत ह्या पाडापाडीचा कडक शब्दांत निषेध केला आहे. मोकळ्या झालेल्या जागेवर ह्या बराकी उभ्या राहिल्या.

त्यांची रचना मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. हिंदुस्थानांतील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या राजनियुक्त मंडळाचा अहवाल १८६३ मध्यें प्रसिद्ध झाला. दर हजार गोऱ्या शिपायांपैकीं वर्षास सुमारें ६९ मरत, आणि ते प्रायः लढाईंत नव्हे, तर रोगानें, असें त्यांत दिसून आलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं ह्या कामीं अपार परिश्रम घेतले. तेव्हांपासून उंच जोतें, उंच छत, भरपूर वारा व उन्हास अडविणाऱ्या खोल पडव्या ह्यांवर लष्करी बांधकामांत विशेष भर आला. लाल किल्ल्यांतील कमानींच्या रांगांत नक्षी नाहीं, वेलबुट्टी नाहीं. आहे ती सावली आणि पहारा. आपल्या शिपायाच्या श्वासाची इतकी काळजी वाहणाऱ्या सरकारास दुसऱ्याच्या घराची किंमत कळूं नये, ह्याचें मला तेथें उभें असतांना फार आश्चर्य वाटलें.

परंतु ह्या इमारतींची कथा येथेंच संपत नाहीं. ५ नोव्हेंबर १९४५ रोजीं आझाद हिंद सेनेच्या शहानवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरबक्षसिंग धिल्लाँ ह्या तीन अधिकाऱ्यांवर ह्याच किल्ल्यांत लष्करी न्यायालयापुढें खटला सुरू झाला. जवळच्या जुन्या बावडीच्या कोठड्यांत त्यांस ठेविलें होतें. भुलाभाई देसायांनीं त्यांची बाजू मांडिली. शिक्षा जन्मठेपेची झाली, पण देशभर असा क्षोभ उसळला कीं सरसेनापति ऑचिन्लेक ह्यांस १९४६ च्या जानेवारींत ती माफ करावी लागली. पुढच्याच महिन्यांत मुंबईस नौसैनिकांनीं बंड केलें. जेथें पराजित बादशहाचा न्याय झाला, तेथेंच राज्यकर्त्यांचा धाक ओसरला. गांधीजींच्या हत्येचा खटलाही १९४८ मध्यें ह्याच किल्ल्यांत चालला. आरोपींत कित्येक मराठी होते. आपल्या घरांतून ही आठवण सहसा मोठ्यानें निघत नाहीं.

दिवाण-इ-खासमध्यें आलों तेव्हां नातवानें वर पाहून पुन्हां विचारलें, "हें छत पहिल्यापासून असेंच का?" मी थबकलों. मूळचें छत चांदीनें मढविलेलें होतें. नादिरशहानें १७३९ मध्यें मयूरासन नेलें, हें मीं वर्गांत पुष्कळ वेळां सांगितलें. १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंनीं मोहिमेच्या खर्चापायीं ही चांदी काढून तिचे रुपये पाडविले, हें मला ठाऊक असूनही पानिपताचा धडा शिकवितांना मीं कधीं सांगितलें नाहीं. सैन्य उपाशी होतें, अडचण खरी होती. पण मौन माझें होतें. त्या दिवशीं मीं तें नातवास सांगितलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपणही घेतलेंच."

भारतीय सैन्यानें हा किल्ला २००३ च्या डिसेंबरांत सोडला. २००७ मध्यें त्याची गणना जागतिक वारशांत झाली, आणि २०१९ मध्यें ह्यांपैकीं चार बराकींत संग्रहालयें उघडलीं. त्यांतील एक नेताजी व आझाद हिंद सेना ह्यांचें आहे. त्या पडवींतून हिंडतांना नातवानें आपला पहिला प्रश्न पुन्हां काढला नाहीं, व मींही त्यास आठवण दिली नाहीं. माझें उत्तर एवढेंच आहे कीं, त्या पाडल्या तर फर्ग्युसनानें ज्याची निंदा केली, तेंच आपण पुन्हां करूं.

वाचकांपैकीं कोणी सहकुटुंब दिल्लीस गेले, तर त्यांनीं नौबतखान्यापाशीं अर्धा तास डावीकडे वळावें, व मुलांना प्रश्न विचारूं द्यावेत.