थांबलं की विझायचं

आमच्या सोसायटीत संध्याकाळी पाण्याची मोटर सुरू झाली की माझ्या लेझर मशिनचा लॅपटॉपशी असलेला संपर्क अधूनमधून तुटतो. मोटरच्या झटक्याचा गोंगाट यूएसबीच्या वायरवर येतो आणि जोडणी निसटते. दाराच्या पाट्या कोरून देण्याचा माझा घरगुती धंदा आहे. त्यासाठी 450 नॅनोमीटरचा निळा डायोड लेझर आहे आणि त्याला चालवायला आर्डुइनोवरचं जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर. जोडणी निसटली की काय होतं ते मी समोर बसून पाहिलंय: डोकं थांबतं, किरण थांबत नाही. एमडीएफच्या एका पाटीवर आडनावाच्या पहिल्याच अक्षरात काळा ठिपका उमटला, मग भोक पडलं, मग भोकाच्या कडेला पिवळी ज्योत दिसली. मी मेन बटण बंद केलं आणि वर ओलं फडकं टाकलं.

जीआरबीएलमध्ये लेझर पेटवायच्या दोन आज्ञा आहेत. लेझर मोड चालू असला तर एम4 मध्ये डोक्याच्या वेगाप्रमाणे शक्ती बदलते आणि डोकं थांबलं की शून्य होते. एम3 मध्ये मात्र सांगितली तेवढी शक्ती कायम, डोकं हलो न हलो. नेहमी एम4 च वापरावी हे खरं, पण गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तयार फायलीत एम3 असतेच. फाइल नीट असण्यावर घराची सुरक्षितता सोडायला माझं मन तयार नव्हतं.

टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, “अगं, त्या चिपच्या आतच वॉचडॉग असतो ना? तो चालू कर की.”

“पण मामा, चिप बंद पडलीच नव्हती. ती छान जागी होती.”

खरी गोम इथेच होती. चिपमधला वॉचडॉग प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करतो. 1994 मध्ये चंद्राचा नकाशा करून निघालेल्या क्लेमेंटाइन यानाचा संगणक बिघडला, थ्रस्टर इंधन संपेपर्यंत चालू राहिला. तिथे असा पहारेकरी उपयोगी पडला असता. माझ्याकडे प्रोग्रॅम अडकलेलाच नव्हता. तो पुढच्या आज्ञेची वाट बघत फेऱ्या मारत होता आणि प्रत्येक फेरीत त्याने वॉचडॉगला ‘सगळं ठीक’ असंच कळवलं असतं. म्हणून पहारा प्रोसेसरवर नको, हालचालीवर हवा असं ठरवलं.

हालचालीची खूण आयतीच मिळते. स्टेपर मोटर फिरवायला आर्डुइनो जे पल्स पाठवतो, तीच. माझ्या मशिनला एका मिलिमीटरला 80 पल्स लागतात. मिनिटाला 100 मिलिमीटर इतक्या संथ कापणीतही सेकंदाला 133 पल्स होतात, म्हणजे दोन पल्समध्ये साडेसात मिलिसेकंद. सेकंदाच्या दहाव्या भागात एकही पल्स आला नाही, तर डोकं उभं आहे असं खुशाल समजावं.

मामांनी आधी कागदावर 555 टायमर आणि एका ट्रान्झिस्टरचं जुनं सर्किट काढलं. ते हरवलेला पल्स ओळखतं, पण त्यात एक खोट आहे. पल्सची वायर बिघडून कायमची शून्यावर अडकली तर ट्रान्झिस्टर कपॅसिटर भरूच देत नाही, वेळ कधी संपतच नाही आणि लेझर बिनधास्त चालू राहतो. म्हणून सीडी4538 घेतला. त्याला वायरची पातळी नाही, पातळीतला बदल लागतो. वर अडको, खाली अडको किंवा तुटो, त्याच्या लेखी शांतताच. वेळेचं गणितही सरळ, आर गुणिले सी: 470 किलोओहम आणि 0.22 मायक्रोफॅरड, म्हणजे साधारण 0.1 सेकंद. एकाच आयसीत दोन टायमर असतात, एक एक्स अक्षाला आणि एक वायला. दोन्हींचे आउटपुट डायोडने एकत्र करून ट्रान्झिस्टरवर, तिथून रिलेवर, आणि रिलेमधून लेझरची 12 व्होल्टची लाइन. कॉइलला वीज नसेल तर संपर्क उघडा. रिलेचे संपर्क चिकटण्याची भीती असते, म्हणून लेझरच्या बाजूला एक एलईडी जोडला. डोकं उभं असताना तो पेटलेला दिसला तर काम सुरूच करायचं नाही.

हे सगळं आगीसाठी आहे, डोळ्यांसाठी नाही. अर्ध्या वॉटच्या वर लेझर चौथ्या वर्गात जातो. तिथे पापणी मिटेपर्यंत इजा होऊन गेलेली असते, 0.1 सेकंदाचाही उपयोग नाही. त्याला चष्मा आणि पेटीच हवी.

एक अडचण लगेच आली. फोकस जुळवायला मंद ठिपका स्थिर लागतो आणि सर्किट तो विझवतं. इथे बायपासचं स्विच लावायचा मोह होतो, आणि असं स्विच एक दिवस चालूच राहतं. मी दाबून धरायचं बटण लावलं. बोट उचललं की विझलं.

चाचणीत चालू कामात यूएसबी उपटली, पल्सची वायर काढली, सर्किटचा सप्लाय तोडला. तिन्हीत लेझर विझला. मग मामांनी बेल्ट सैल केला. मोटर फिरत राहिली, पल्स येत राहिले, डोकं जागचं हललं नाही, आणि किरण चालूच. पल्स म्हणजे हालचालीची आज्ञा, हालचाल नव्हे. आता जुन्या इंकजेट प्रिंटरमधली बारीक रेघांची पारदर्शक पट्टी आणि तिचा सेन्सर काढून एक्स अक्षावर बसवलाय, पल्सच्या जागी त्याचाच सिग्नल घ्यायला. वायसाठी एवढी लांब पट्टी मिळत नाहीये.