हुशारांची पंगत

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्याकडे पेढे वाटले. अकरावीतली आमची लेक ‘मेन्सा’ची बुद्धिमत्ता चाचणी पास झाली. मेन्सा म्हणजे हुशार माणसांचं मंडळ. १९४६ साली इंग्लंडात ऑक्सफर्डला रोलंड बेरिल आणि लान्सलॉट वेअर या दोघांनी ते काढलं. तिथे शिक्षण, पैसा, जातधर्म विचारत नाहीत. चाचणीत वरच्या दोन टक्क्यांत आलात, की झालात सभासद!

आमचे हे तर शेजारीपाजारी सांगत सुटले. पण पेढा खाता खाता धाकटा हळूच म्हणाला, “म्हणजे आई, मी ढ ना?” माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

रात्री झोप लागेना. हुशारी ही काय मंडळ काढायची गोष्ट झाली? आमच्या भिशीतल्या काकू चौथी शिकलेल्या. पण वीस जणींचा हिशेब तोंडी ठेवतात. पैचीही चूक नाही. त्यांची चाचणी कुणी घेतली होती?

सकाळी लेकीला स्पष्टच विचारलं, “तुला कशाला हवंय गं ते? मिरवायला?”

पोळी लाटता लाटता ती थांबली. “नाही गं आई. वर्गात मी प्रश्न विचारला, की मुली ‘आली शहाणी’ म्हणून हसतात. हल्ली मी विचारतच नाही. तिथे निदान कुणी हसणार नाही.”

मीच वरमले. ‘हल्ली पोर किती शांत झालीय’ म्हणून मी चारचौघींत तिचं कौतुक करत होते! ती शांत नव्हती हो, गप्प झाली होती.

मेन्सा या लॅटिन शब्दाचा अर्थ टेबल. गोल टेबलाभोवती सगळे सारखे, हा त्यातला भाव. म्हणजे आपली पंगतच की! पंगतीला जावं ते शेजारच्याशी बोलत चार घास खायला. ‘मला पाट मिळाला’ असं गावभर सांगायला नव्हे.

म्हणून मी लेकीची फी भरली आणि ह्यांना बजावलं, चाचणीचा विषय पाहुण्यांपुढे काढायचा नाही. तुमच्या घरी असा निकाल आला, तर मुलाला एवढंच विचारा, “तिथे मिरवायला जायचंय, की बोलायला?” बोलायला असेल, तर खुशाल पाठवा.

आणि हो, धाकट्याने परवा माझा बंद पडलेला मिक्सर उघडून चालू करून दिला. त्याचे पेढे वाटायचे राहिलेत. उद्याच आणते!