पडद्याआडचे भोजनभाऊ

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात आम्ही मुळशी तालुक्यातील एका वाडीवर गेलो होतो. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजींना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात असे कळले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅन यांनी गावोगाव हिंडून लाखावर ओव्या संकलित केल्यानंतर आम्ही आणखी काय जमवणार, हा संकोच मनात होताच, तरी गेलो. निघताना फोनची बॅटरी ८२ टक्के होती. आजींनी आधी चहा केला, मग ‘आता कुठलं जातं आन् कुठल्या ओव्या’ म्हणून आढेवेढे घेतले, आणि मग भिंतीला पाठ टेकून, रिकामी मूठ जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखी फिरवत त्या गाऊ लागल्या. गेलेल्या भावावरच्या ओव्या होत्या. चाळीसेक मिनिटांनी आम्ही सहज फोनकडे पाहिले तर पडदा काळा. आजी गातच होत्या. त्यांना थांबवण्याचे धाडस झाले नाही, आणि पिशवीतून वही काढेपर्यंत दोन ओव्या पुढे निघून गेल्या होत्या.

घरी येऊन पाहिले, तर ध्वनिमुद्रणाची फाइल जागेवर होती, पण वाजेना. एका जाणत्या स्नेह्याने उलगडा केला. अशा फाइलमध्ये आवाज आधी साठत जातो आणि कोणता तुकडा कोठे आहे याची सूची पुष्कळदा सर्वांत शेवटी लिहिली जाते. फोन मध्येच मिटला की ती लिहायची राहते. पोथीची पाने सगळी आहेत, पण पत्रांक नाहीत आणि लिपीही मोडलेली, असा तो प्रकार. दुरुस्तीच्या खटपटीतून खरखरीखेरीज काही हाती आले नाही. टेपरेकॉर्डरच्या काळात सेल उतरू लागले की आवाज घोगरा होई, फीत रेंगाळे. म्हणजे निदान सूचना तरी मिळे. सेल उन्हात ठेवून आणखी अर्धा तास ढकलताही येई. असो.

मग आम्ही चोर शोधायला निघालो, आणि वर्गात कथनातील अदृश्य निवेदकावर तासन्‌तास बोलणारे आम्ही, नेमके जे दिसते त्यावरच घसरलो. आधी पडद्याचा उजेड कमी केला. मग बॅटरी म्हातारी झाली असे ठरवले. शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून उघडी ॲप्स दिवसातून दहा वेळा बोटाने झाडून टाकू लागलो. या झाडलोटीने समाधान फार मिळते, बॅटरी मात्र वाचत नाही. त्या पानांपैकी बहुतेक नुसती गोठलेली चित्रे असतात. ॲप मुळापासून पुन्हा उघडायला उलट थोडी अधिक शक्ती लागते. २०१६ साली ॲपलचे क्रेग फेडेरिगी आणि अँड्रॉइडचे हिरोशी लॉकहायमर या दोघांनीही हा उपाय निरर्थक असल्याचे सांगून टाकले होते. आमच्या शेजाऱ्यांपर्यंत ते पोहोचले नव्हते.

खरी वही सेटिंग्जमध्ये, बॅटरीच्या वापराच्या पानावर असते. तेथे प्रत्येक ॲपपुढे टक्के दिसतात, आणि नवशिका वाचक तेवढेच वाचतो. आमच्या फोनवर ते टक्के एकूण बॅटरीचे नसून खर्च झालेल्या वाट्याचे असतात, म्हणून ज्या दिवशी फोन फारसा वापरलाच नाही त्या दिवशीही कोणीतरी पहिला येतोच. पाहायचे ते टक्क्यांमागचे दोन काळ: पडद्यावर किती आणि पडद्याआड किती. व्हॉट्सॲप वर होते, पण आम्हीच त्यात दोन तास घालवले होते. त्याने कष्टाचे खाल्ले. त्याच्याही वर एक नाव होते: पडद्यावर एक मिनिट, पडद्याआड नऊ तास, वाटा ४१ टक्के.

ते ॲप कुटुंबातील माणसे कोठे आहेत हे नकाशावर दाखवणारे. मेलबर्नच्या आमच्या मुलीने, तिची आई गेल्यानंतरच्या सुट्टीत, आमच्या फोनवर बसवलेले.

अँड्रॉइड २०१५पासून निजलेल्या फोनमधील ॲप्सना आवर घालते, २०१८पासून ती किती वापरली जातात यावरून त्यांची प्रतवारीही लावते. पण या ॲपने त्यातून सूट मागितली होती, आणि मुलीने ती देऊन ठेवली होती. ते वारंवार उपग्रहांना ठिकाण विचारी आणि नेटवर्कवरून कळवी. वाडीवर रेंज जेमतेम. अशा जागी फोन संपर्कासाठी अधिक जोर लावतो, सुटलेला धागा पुन:पुन्हा शोधत राहतो. म्हणजे त्या सकाळभर आमचा फोन, आम्ही कोठे आहोत हे, जेथून ऐकू जात नव्हते तेथून ओरडून सांगण्यात झिजत होता.

आम्ही सूट काढून घेतली. ठिकाणाची परवानगी ‘नेहमी’वरून ‘ॲप वापरात असतानाच’ अशी केली. त्या रात्री झोपताना ५८ टक्के बॅटरी उरली होती. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

‘बाबा, तुम्ही तीन दिवस घरातच आहात का? बरं आहे ना? ठिपका हललाच नाही.’

आम्ही बॅटरीचे पुराण सांगितले. ती ऐकून घेऊन ‘ठीक आहे’ म्हणाली. त्या ‘ठीक आहे’चे आणखी स्पष्टीकरण करण्याची इच्छा नाही. परवानगी आम्ही त्याच संध्याकाळी पूर्ववत केली, आणि चार्जिंगची एक जाडजूड पेटी विकत घेऊन पिशवीत टाकली.

दिवाळीनंतर पुन्हा वाडीवर गेलो. निघताना मुलीला कळवले, की आज चार-पाच तास ठिपका थांबेल. फोन विमान-मोडवर टाकला, शिवाय वही उघडी ठेवली. आजी गायल्या, लेकीच्या, माहेराच्या, विठोबाच्या. भावाच्या ओव्या आम्ही दोनदा विचारल्या. ‘त्या त्या दिवशी आल्या,’ एवढेच त्या म्हणाल्या. दुपारी बॅटरी ७४ टक्के होती.

परतताना पौडच्या अलीकडे विमान-मोड काढला. थोड्या वेळाने संदेश आला: ‘दिसलात.’