गोदाकाठची पंगत

आमच्या बीड जिल्ह्याची उत्तर सीमा धरून गोदावरी वाहते आणि पुढे नांदेडास जाते. इतके सान्निध्य असूनही नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराचे दर्शन आमच्या घरातील कोणी घेतले नव्हते. तो योग गेल्या कार्तिकात आला. अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधी व परळीस वैजनाथाचा अभिषेक हे नेहमीचे आटोपून आम्ही लहानथोर आठ माणसे आगगाडीत बसलो. मंडळीत थोरल्या काकू होत्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, सोवळे कडक. प्रवासात घरच्या दशम्या व सोबतच्या तांब्यातील पाणी यांखेरीज काही घ्यावयाचे नाही, असा त्यांचा नेम.

गंगाखेड आले तेव्हा काकूंनी बसल्या जागी हात जोडले व हे जनाबाईंचे गाव, नामदेवांच्या घरी त्या दासी होत्या, असे मुलांस सांगितले. आम्ही म्हणालो, "काकू, आपण जेथे चाललो आहो तेथेही नामदेव आहेत बरे!" त्यांस ती थट्टा वाटली. "पांडुरंगाला सोडून नामदेव तिकडे कशाला जातील?" त्या म्हणाल्या.

ती थट्टा मुळीच नव्हती. नामदेवांनी उत्तरेत दीर्घकाळ वास्तव्य केले असे परंपरा सांगते, आणि पंजाबातील घुमान गावी आजही त्यांचे स्मारक आहे. १६०४ साली पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद यांची पदे घेतली, तशीच नामदेवांचीही. आज गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले ते याच नात्याने.

नांदेडास पोहोचल्यावर पाय धुऊन, मस्तके झाकून आम्ही आत गेलो. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली येथे देह ठेवला. तत्पूर्वी, आपल्यामागे कोणी देहधारी गुरू होणार नाही, ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी सांगितले. याच गावी माधोदास नावाचा बैरागी त्यांना शरण आला व पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबात गाजला. आजचे मंदिर महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविले. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. गुरूंची शस्त्रे येथे जतन केलेली आहेत, आणि गोदावरीचे पाणी रोज पहाटे घागरीने येथे आणले जाते. हे ऐकून काकूंची मुद्रा थोडी निवळली. गंगेचे पाणी देवाला, ही त्यांच्या ओळखीची गोष्ट होती.

दर्शनानंतर खरा प्रश्न उभा राहिला. समोर लंगर होते. मोठ्या दालनात लांबच लांब पट्ट्यांवर माणसे ओळीने बसली होती. शेतकरी, व्यापारी, शहरातल्या बायका, रस्त्यावरचे भुकेले, सारे एका जमिनीवर. गुरू नानकांच्या वेळेपासून चालत आलेली ही रीत तिसरे गुरू अमरदास यांनी पक्की केली: आधी पंगतीस बसावे, मग गुरूंची भेट घ्यावी. शब्द आपलाच, पंगत. परंतु आपल्या घरांत पंगत म्हटली की कोण कोणाशेजारी बसणार नाही हे आधी ठरते. तेथे त्याच शब्दाचा अर्थ नेमका उलट. १६९९ साली खालसा स्थापन झाला तेव्हा पुढे आलेल्या पाच प्यारांपैकी साहिबसिंग हे आमच्या शेजारच्या बिदरचे, जातीने न्हावी. त्या पाचांना अमृत देऊन गुरूंनी स्वतःही त्यांच्याच हातून अमृत घेतले.

काकू बाजूस उभ्याच राहिल्या. दशम्यांची पिशवी हातात होती. वाढणारे एक वृद्ध शीख गृहस्थ जवळ आले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "माई, कोठून आलात?" काकूंनी गाव सांगितले. "मग तुम्ही नामदेवजींच्या मुलखातल्या," असे म्हणून त्यांनी पुढे वाकून नमस्कार केला.

काकू काही वेळ बोलल्या नाहीत. औंढ्या नागनाथाची कथा त्यांना तोंडपाठ होती. कीर्तनास उभ्या राहिलेल्या नामदेवांना ब्राह्मणांनी देवळामागे घालविले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही ती कथा. शूद्र म्हणून देवळातून उठविल्याचे व देऊळ फिरल्याचे नामदेवांचे पद त्या ग्रंथातही आहे, एवढेच आम्ही त्यांस हळूच सांगितले. "म्हणजे आपण घालविले ते यांनी लिहून ठेवले," काकू म्हणाल्या. मग पिशवी धाकट्या सुनेकडे देऊन त्या पंगतीत बसल्या. शेजारी एक मजूर बाई तान्हे मूल घेऊन बसली होती. काकूंनी दोन्ही हात पुढे करून पोळी घेतली, डाळीशी खाल्ली, आणि पानात काही टाकले नाही.

परतीच्या प्रवासात त्या विषयावर कोणी बोलले नाही. काकूंचे सोवळेही सुटले नाही. आजही त्या रेशमी नेसूनच नैवेद्य करतात. पण चंपाषष्ठीस घरी पाने मांडली तेव्हा, वीस वर्षे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंचे पान नेहमीप्रमाणे मागच्या पडवीत मांडलेले त्यांनी पाहिले. "तिचे पान इकडे घ्या, माझ्याशेजारी," त्या म्हणाल्या. बाई संकोचाने येईनात. तेव्हा काकू स्वतः उठल्या व हात धरून त्यांना घेऊन आल्या.