पैसे वसूल

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं इंदूरहून मालदीवला गेलो. राहणं, खाणं, बोटीची फेरी, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले. पोहे-जिलेबीवर वाढलेले आम्ही, बुफे सोडतो कसले! सकाळी मासहुनी, म्हणजे ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची. सोबत आपल्या पोळीसारखी रोशी. दुपारी पुन्हा ताट भरलेलं. तिसऱ्या दिवशी पोटानं संप पुकारला.

मग पाण्यात पाय सोडून नुसते बसलो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बाबा गेल्यापासून मी रडलोच नाही गं." आणि रडला. मी हात धरून बसले.

घरी दोन वर्षांत एवढा निवांत अर्धा तास आम्ही एकमेकांना दिलाच नव्हता. पैसे वसूल झाले ते तिथं.