बर्फ आणि मल्लखांब

आम्हां वऱ्हाडकरांचा बर्फाशी परिचय म्हणजे रसवंतीच्या पेटीतल्या बर्फाशी. गोणपाटात गुंडाळलेल्या आणि मोगरीने फोडलेल्या. वैशाखात अमरावतीचा पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की त्या एका तुकड्यापुढे हिमालयाची शिखरेही आम्हांस फिकी वाटतात. अशा या मुलखात गेल्या उन्हाळ्यातील एका दुपारी आम्ही उभयता कूलरच्या घरघरीत बसून बर्फावरील स्केटिंगच्या स्पर्धांची जुनी चित्रे पाहत होतो. एक कोवळी मुलगी पायांत पात्यांचे जोडे घालून भोवऱ्यासारखी फिरत होती, मध्येच हवेत उसळत होती आणि एकाच पात्याच्या धारेवर अलगद उतरत होती. खेळ संपला. ती धापा टाकीत एका बाकावर जाऊन बसली आणि पडद्यावर आकडे झळकले, तेही दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. आमची सौ. म्हणाली, "अहो, सौंदर्याला असे पैशापैशाचे गुण कसे हो देतात?"

उत्तरपत्रिका तपासण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले त्याला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावयास हवे होते. "त्यांचे काही नियम असतात," एवढे बोलून मी वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून जाईना. कारण तोच प्रश्न मला पूर्वी एकदा, निराळ्या तोंडून, उलट्या बाजूने विचारण्यात आला होता. आणि त्याही वेळी मी असाच निरुत्तर झालो होतो.

ती हकीकत सांगण्यापूर्वी थोडे मागे जाणे भाग आहे. माझे बालपण अकोल्यास गेले. दहाव्या वर्षी वडिलांनी मला एका आखाड्यात नेऊन वस्तादांच्या हवाली केले. आखाड्याच्या मध्यभागी मल्लखांब पुरलेला होता. बुंध्याशी जाड, वर निमुळता होत गेलेला, माथ्याशी मान आणि मानेवर बोंड. सारे अंग एरंडेल पिऊन काळेभोर झालेले. पहिल्या आठवड्यात माझ्या मांड्यांची साले निघाली. साधी अढी यावयास चार महिने लागले; आणि दसरंगाशी झटापट चालू असतानाच वडिलांची बदली झाली, ही गोष्ट माझ्या अब्रूच्या दृष्टीने बरीच झाली म्हणावयाची. आमचे वस्ताद गुण देत नसत. उडी साधली की ते "हं" म्हणत. साधली नाही तर काहीच न बोलता बोंडाकडे बोट दाखवीत, म्हणजे पुन्हा चढा. त्या एका "हं"साठी आम्ही पोरे काय वाटेल ते करावयास तयार असू. शरीराची कला मोजावयाची नसते, ओळखावयाची असते, हे माझे मत त्या आखाड्यातच बनले. आणि पुढे इंग्रजी काव्य शिकविता शिकविता ते अधिकच पक्के झाले.

शिवाय मल्लखांबाच्या जन्मातच स्पर्धा नाही, असे मी म्हणत असे. त्याचे नावच पाहा. मल्लाने ज्याच्याशी झुंजावयाचे तो खांब! चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. पुढे मध्यंतरी विस्मृतीत गेलेली ही विद्या दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा ऊर्जितास आणली. प्रतिस्पर्धी म्हणून खांबासारखा सज्जन दुसरा नाही. तो डाव टाकीत नाही, चिडत नाही आणि हरल्याचे कबूलही करीत नाही. मग येथे जिंकावयाचे ते कोणाला?

नोकरीच्या निमित्ताने मी अमरावतीस आलो आणि या मताला एक मोठा आधार सापडला. १९१४ साली वैद्य बंधूंनी, अनंतराव व अंबादासपंत यांनी, या गावात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. १९३६ च्या ऑगस्टात बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन हुतूतू, मल्लखांब इत्यादी देशी खेळ जगाला दाखविले. ही गोष्ट अमरावतीत लहान मुलासही ठाऊक असते, आणि ती सांगताना सांगणाऱ्याची मान किंचित ताठ होते. माझीही होत असे. परक्या सत्तेखालील एका देशाच्या मधल्या भागातील एक गाव. तेथील तरुण एरंडेल चोळलेल्या खांबाची विद्या घेऊन समुद्रापार जातात आणि कोणत्याही पदकाची अपेक्षा न धरता ती करून दाखवितात. यात मला स्पर्धेहून काही उदात्त दिसे. त्याच ऑगस्टात त्याच नगरीत आपल्या हॉकीच्या संघाने जर्मनीचा आठ विरुद्ध एक असा फडशा पाडून सुवर्णपदक मिळविले. पण हॉकीची काठी साहेबाची आणि नियमही साहेबाचे, असे मी वर्गात मोठ्या तोऱ्याने सांगत असे.

आता ती हकीकत. चारएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. गुरुवारच्या पहिल्या तासाला ती हमखास उशिरा येई आणि तिच्या तळहातांवर घट्टे असत. दोरीच्या मल्लखांबाचा सराव करून ती येते, हे पुढे कळले. एकदा तिने आम्हां दोघांस सराव पाहावयास बोलाविले. वरून सोडलेल्या एका दोरीवर ती पोर चढली काय, पायाच्या अंगठ्यात दोरी धरून उलटी झाली काय, आणि जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर ध्यानस्थ बसल्यासारखी स्थिर राहिली काय! ती खाली उतरताच मी म्हणालो, "अप्रतिम! केवळ काव्य!" तिने नम्रपणे मान लवविली आणि क्षणभराने म्हणाली, "सर, सगळे असेच म्हणतात. चूक कोणीच सांगत नाही. तुम्ही माझ्या निबंधाला नुसते 'अप्रतिम' म्हणून परत दिला असता, तर मला काय वाटले असते?"

मी हसून विषय बदलला. घरी येताना मात्र सौ. म्हणाली, "पोर खोटे बोलली नाही."

वैशाखातील त्या दुपारी सौ.ने प्रश्न केला आणि ती मुलगी आठवली. मग कुतूहलाने मी त्या बर्फावरच्या खेळाचा इतिहास वाचून काढला. त्याची जागतिक संस्था १८९२ सालची, आणि पहिले जागतिक अजिंक्यपद १८९६ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाले. त्या काळी मुख्य महत्त्व होते ते पात्याने बर्फावर आकृत्या कोरण्याला. खेळाडूने वर्तुळाला वर्तुळ जोडून इंग्रजी आठाचा आकडा काढावयाचा, तोच पुन्हा गिरवावयाचा. मग परीक्षकांनी वाकून ती रेघ न्याहाळावयाची. फिगर स्केटिंग हे नाव पडले ते त्या आकृत्यांवरून. याला एके काळी एकंदर गुणांपैकी साठ टक्के गुण असत. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शूबा ही बाई मुक्त नृत्यात सातवी येऊनही आकृत्यांच्या बळावर सुवर्णपदक घेऊन गेली! दूरचित्रवाणीवर केवळ नृत्य पाहणाऱ्या प्रेक्षकांना तो न्याय कोठून उमगावा? होता होता १९९० नंतर आकृत्या जागतिक स्पर्धांतून गेल्या, नाव तेवढे मागे राहिले. पुढे २००२ साली सॉल्ट लेक सिटी येथे परीक्षकांच्या संगनमताचा बोभाटा झाला, कॅनडाच्या जोडीला मागाहून दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले आणि गुणदानाची सारी जुनी पद्धतच मोडीत निघाली. दशांशाची दोन स्थळे आली ती यानंतर.

पण या साऱ्यात मला खिळवून ठेवले ते एका इंग्रज बाईने. मॅज सायर्स तिचे नाव. १९०२ च्या जागतिक स्पर्धेत ती पुरुषांबरोबर उतरली, कारण स्त्रियांनी उतरू नये असा नियम करावयाचे कोणास सुचलेच नव्हते. तिला दुसरा क्रमांक मिळाला. तेव्हा नियामकांस जाग आली आणि तो नियम झाला. १९०६ साली स्त्रियांची निराळी स्पर्धा सुरू झाली ती तिनेच जिंकली, आणि १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही. आता विचार करा, मॅजबाई केवळ प्रदर्शन करीत राहिली असती तर? सभ्य गृहस्थांनी टाळ्या वाजविल्या असत्या, "केवळ काव्य!" म्हटले असते, आणि ती त्यांच्यापैकी बहुतेकांहून सरस आहे हे कोणालाही मान्य करावे लागले नसते. आकड्याने ते मान्य करावयास लावले.

येथे माझ्या बर्लिनच्या अभिमानाला पहिला तडा गेला. प्रदर्शनाला टाळी मिळते. पण टाळी देणारा आपल्या खुर्चीवरून उठत नाही. तो नवलाईने पाहतो आणि घरी जातो. अमरावतीच्या त्या तरुणांचे शौर्य यत्किंचितही कमी नाही, किंबहुना त्यांच्या हाती त्या वेळी दुसरे काही नव्हते. परंतु त्यांच्या खांबावर चढून पाहण्याची बुद्धी बर्लिनच्या किती प्रेक्षकांस झाली असेल?

ती बुद्धी इतरांस होण्याआधी आपल्यालाच नियमांचे पुस्तक लिहावे लागले. १९५८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांत मल्लखांब आला, नंतर त्यातून वगळला गेला. मग १९८१ च्या जानेवारीत उज्जैन येथे त्याची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरली. मध्य प्रदेशाने त्याला २०१३ साली राज्यक्रीडेचा मान दिला, आणि आपण महाराष्ट्रीय त्याच्या जन्मपत्रिकेवरच समाधान मानून राहिलो, हे जाता जाता नमूद करतो. अखेरीस १६ व १७ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत पंधरा देशांचे खेळाडू उतरले. श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी परदेशांत वर्षानुवर्षे ही विद्या शिकविली होती, तिचे हे फळ. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. बर्लिननंतर त्र्याऐंशी वर्षांनी परदेशी माणूस एरंडेल हाताला लावून खांबावर चढला आणि त्याचे पाऊल वाकडे पडले म्हणून आपल्या परीक्षकाने त्याचे गुण कापले. अपेक्षेप्रमाणे आपण पहिले आलो. २०२३ साली दुसरी स्पर्धा भूतानात झाली.

बर्लिनला गेलेल्या हुतूतूची गोष्ट याहून बोलकी आहे. कबड्डी या नावाने तो १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत पदकासह दाखल झाला आणि सतत सात वेळा पुरुषांचे सुवर्ण आपलेच राहिले. सातव्या सुवर्णानंतर कोणाला त्याचे अप्रूपही उरले नव्हते. मग २०१८ साली जाकार्तास इराणने आपल्या पुरुषांस उपांत्य सामन्यात आणि स्त्रियांस अंतिम सामन्यात हरविले. त्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत सुतक आल्यासारखे वातावरण होते. ज्यांनी जन्मात कबड्डीचा सामना पाहिला नव्हता तेही इराणच्या बचावाची चर्चा करीत होते. मीही खिन्न होतो. आता वाटते, बर्लिनला जे दाखवावयास आपण गेलो होतो ते जगाने खरोखर पाहिले याची पावती आपल्याला त्या दिवशी मिळाली. मल्लखांबात ती अजून मिळावयाची आहे.

वस्तादांच्या "हं"चे काय, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचा निकाल माझ्याच्याने लागत नाही. शूबाबाईचे सुवर्ण न्याय्य की अन्याय्य, हेही मला ठरविता आलेले नाही. नियमावलीत जे बसत नाही ते हळूहळू खेळातूनच नाहीसे होते. त्या बर्फावरच्या आकृत्या आज किती जणांस काढता येतात? आमच्या वस्तादांच्या अंगी असेच काही होते, उडी मारण्यापूर्वीचे एक थबकणे, ज्याला कोणत्याही रकान्यात गुण मिळणार नाहीत. ते आज मला कोठे दिसत नाही.

गेल्या दिवाळीत ती मुलगी घरी आली. आता ती नोकरी करते आणि सकाळी लहान मुलींना दोरीवर शिकविते. कोणत्याशा स्पर्धेतील आपल्या खेळाचे चित्रण तिने दूरध्वनीवर लावून माझ्यासमोर धरले. मी चष्मा पुसला आणि दोन वेळा ते पाहिले. या खेपेस "अप्रतिम" म्हणावयाचे नाही असा निश्चय केला होता. पण चूक काही केल्या सापडेना. शेवटी चकल्यांचे ताट घेऊन आलेली सौ. माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "दुसऱ्या आसनात डावा गुडघा वाकला होता गं तुझा."

मुलगी टाळी वाजवून उठली. "काकू, परीक्षकांनी तेथेच गुण कापले!"